आधी खोडरबर बाजूला ठेवा

'ताई, माझे बाबा आठ महिन्यांपूर्वी गेले. ते व्हायोलिन वाजवायचे, पुढे वाद्यवृंदाचे कंडक्टर झाले आणि शेवटपर्यंत दोन्ही करत राहिले. त्यांच्या खोलीत तीन कपाटं आणि चौदा खोकी भरून स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र असलेली कंडक्टरची प्रत) आणि पार्ट (एकेका वाद्याची पानं) आहेत. मला स्वरलिपी जेमतेम वाचता येते. दादा म्हणतो, सगळं स्कॅन करू आणि कागद काढून टाकू, घरात जागा नाही. बाबांच्या एका विद्यार्थ्याने व्हायोलिनची पानं मागितली आहेत. जुनी पुस्तकं घेणारे एक गृहस्थ येऊन गेले, ते त्यातलं निवडक घ्यायला तयार आहेत. ग्रंथालयं लिहिलेल्या प्रती घेत नाहीत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गेल्या आठवड्यात मी ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीपासून पेन्सिलीच्या खुणा खोडायला घेतल्या. पहिल्या व्हायोलिनचे दोन पार्ट स्वच्छ केले. आईने ते पाहिलं आणि काही न बोलता ती खोलीबाहेर गेली. तेव्हापासून ती कशालाच हात लावू देत नाही. एके काळी बाबांच्या स्कोअरवरच्या खुणा रात्री जागून पार्टांवर तीच उतरवून द्यायची. आता म्हणते, राहू दे सगळं तसंच. हे सगळं जपणं म्हणजे नुसतंच मन गुंतवून ठेवणं आहे का? मी काय करू?'

तुमचं पत्र वाचता वाचता मी 'खोडायला घेतल्या' या शब्दांपाशी थांबले आणि पुढचं वाचायच्या आधीच मनात म्हटलं, नको. म्हणून सगळ्यात आधी तेच सांगते. खोडरबर बाजूला ठेवा. बाकीचे निर्णय महिन्याभराने घेतले तरी चालतील, पण एकही खूण आता आणखी पुसू नका.

मी कितीतरी वर्षं वाद्यवृंदाच्या स्वरलिपी सांभाळण्याचं काम केलं आहे. सुरुवातीच्या काळात एका जागी मला सांगण्यात आलं की एक जुना, फाटका सेट काढून टाकून नवा घ्यायचा आहे. नवा सेट आला आणि जुना मी स्वतःच्या हाताने बाहेर काढला. पुढच्या सरावाला व्हायोलिनवाल्यांनी पानं उघडली तर ती कोरी. वीस वर्षांत तीन कंडक्टर आणि दोन कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचे प्रमुख, यांनी मिळून ठरवलेलं सगळं त्या फाटक्या सेटमध्येच होतं, दुसरीकडे कुठेही नव्हतं. त्या दिवशीचा सराव थांबत थांबत, विचारत विचारत झाला. तेव्हापासून पेन्सिलीची रेघ दिसली की माझा हात आपोआप सावध होतो.

तुमच्या कपाटांमध्ये जे छापील आहे ते बहुतेक सगळं जगात दुसरीकडेही मिळतं. ब्राम्सची चौथी सिम्फनी 1885 मध्ये पहिल्यांदा वाजली, तिचे स्वर आज कुणालाही उघडून पाहता येतात. जुन्या, हक्कमुक्त स्वरलिपींचा आयएमएसएलपी हा मोठा संग्रह 2006 पासून इंटरनेटवर खुला आहे. त्यामुळे कुणी म्हणालं की 'हे तर सगळीकडे मिळतं', तर त्यात चूक काही नाही. मिळत नाही ते त्या छापील स्वरांच्या वर तुमच्या बाबांनी जे लिहिलं ते. तुमचा संग्रह म्हणजे त्या खुणा आहेत, कागद त्यांना धरून ठेवण्यापुरता.

या खुणा म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला जवळून दाखवते, कारण तुम्ही जे पुसत होता ते तुम्हाला रेघोट्यांसारखं दिसत असणार. ब्राम्सच्या त्या सिम्फनीची सुरुवातच घ्या. पहिली आणि दुसरी व्हायोलिनं दोन-दोन स्वरांच्या जोड्या वाजवतात. एक आखूड स्वर, एक लांब, दोन्ही एकाच स्लरखाली, म्हणजे स्वर जोडून वाजवायला सांगणाऱ्या कमानीखाली, आणि मग छोटीशी विश्रांती. पुन्हा जोडी, पुन्हा विश्रांती. ब्राम्सने स्लर लिहिला, पण बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, कुठल्या दिशेने न्यायचा ते लिहिलं नाही. पहिली जोडी वर जाणाऱ्या बोने घेतली तर दुसरी खाली येणाऱ्या बोने घ्यायची, की विश्रांतीत बो उचलून पुन्हा तिथूनच सुरुवात करायची? पहिल्या पद्धतीने ओळ अखंड वाहते, दुसरीत प्रत्येक जोडी नव्याने घेतलेल्या श्वासासारखी ऐकू येते. सोळा जणांनी हे आपापल्या मनाने केलं तर कानाला गढूळ लागतं आणि डोळ्यांना सोळा हात सोळा दिशांना दिसतात. म्हणून कुणीतरी ठरवावं लागतं. उघड्या चौकटीसारखी डाउन-बोची खूण आणि व्ही या इंग्रजी अक्षरासारखी अप-बोची, ही त्या ठरवण्याची लिपी. स्वरांच्या डोक्यावरचे 1 ते 4 हे आकडे डाव्या हाताच्या बोटांचे. मधेच चष्म्याचं चित्र काढलेलं दिसेल. त्याचा अर्थ 'इथे कंडक्टरकडे बघ'. पानाच्या तळाशी व्ही.एस. असेल तर पान झटकन उलटायचं आहे.

आता तुमचे बाबा स्वतः व्हायोलिन वाजवणारे होते, हे लक्षात घ्या. कंडक्टर पियानोवाला असेल तर तो बहुधा सांगतो, 'मला इथे मऊ हवं', आणि ते बोने कसं साधायचं हे कॉन्सर्टमास्टरवर सोडतो. व्हायोलिनवाला कंडक्टर स्वतः बो कुठे बदलायचा, टोकाशी वाजवायचं की मुठीशी, हे लिहून मोकळा होतो. फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात हा फरक फार ठळक दिसतो. लिओपोल्ड स्टोकोव्स्की मूळचे ऑर्गनवादक. त्यांनी तंतुवाद्यांना एकाच दिशेने बो चालवण्याची सक्तीच काढून टाकली होती. ज्याने त्याने सोयीने बो बदलायचा, म्हणजे कुठेही सांधा ऐकू येत नाही. त्यांच्यानंतर आलेले युजीन ऑर्मंडी बुडापेस्टमध्ये व्हायोलिन शिकून आलेले. ते 1936 पासून 1980 पर्यंत तिथे होते. या दोघांच्याही खुणा केलेले स्कोअर आज पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. वाद्यवृंद तोच, पण त्याचा सूर कसा घडला हे समजून घ्यायला लोक तिथे जाऊन ती पानं उलटतात. ग्रंथालयं लिहिलेल्या प्रती घेत नाहीत, असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं ते कदाचित गावातल्या वाचनालयाबद्दल बोलत असतील. संगीताची ग्रंथालयं नेमक्या लिहिलेल्या प्रतींसाठीच आसुसलेली असतात. कंडक्टर जॉर्ज शोल्टी यांचे स्कोअर हार्वर्ड विद्यापीठाकडे आहेत. यहुदी मेन्युहिन हेही व्हायोलिनवादक आणि कंडक्टर. त्यांचा सगळा संग्रह 2004 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकने घेतला. आता तुम्ही म्हणाल की माझे बाबा कुठे आणि हे लोक कुठे. ठीक आहे. पण एखाद्या वाद्यवृंदाने तीस-चाळीस वर्षं कसं वाजवलं याचा पुरावा त्या वाद्यवृंदापुरता तरी एकमेव असतो, मग तो जगप्रसिद्ध असो वा नसो.

पत्रात एक वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिलं आहे. स्कोअरवरच्या खुणा पार्टांवर आई उतरवून द्यायची. तुमचं सगळं पत्र मला त्या वाक्याभोवती फिरताना दिसतं.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या संग्रहात त्याचे कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांचे स्कोअर आहेत. 2011 पासून ते इंटरनेटवर पानन् पान पाहता येतात. त्यांवर दोन रंगांच्या पेन्सिली आहेत. निळ्या खुणा त्यांच्या स्वतःसाठी, उभं राहून हातवारे करताना नजरेत याव्यात म्हणून. लाल खुणा वादकांसाठी. ग्रंथपालाने त्या बघून एकेका पार्टवर उतरवायच्या. हे काम किती मोठं आहे ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. सोळा पहिली व्हायोलिनं असतील तर दोघांत एक स्टँड, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचेच आठ पार्ट. दुसऱ्या व्हायोलिनचे सात, व्हायोलाचे सहा, चेलोचे पाच, डबल बासचे चार. हे झाले तीस. वर फुंकवाद्यं आणि तालवाद्यं धरून एका सिम्फनीचे पन्नासच्या आसपास पार्ट होतात. एक स्लर बदलला की तो आठ ठिकाणी बदलायचा, आणि आठही ठिकाणी सारखा.

तुमच्या घरात ते काम आईंनी केलं. म्हणजे स्कोअरवर बाबांचं अक्षर असेल आणि पार्टांवर कित्येक ठिकाणी आईंचं. तुम्ही पहिल्या व्हायोलिनचे पार्ट स्वच्छ केलेत तेव्हा तुम्ही बाबांचं लिहिलेलं पुसत नव्हता, आईंनी जागवलेल्या रात्री पुसत होता. त्या का बोलल्या नाहीत ते मला कळतं. तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आईंचा 'राहू दे तसंच' हा हट्ट नाही, एवढं कळलं की पुढचं सगळं सोपं होईल.

पुसलेल्याचं काय करायचं, तेही सांगते, कारण सगळं गेलं असं समजू नका. पेन्सिल कागदावर नुसता रंग सोडत नाही, दाबाने बारीकशी चरही पाडते. खोडरबर रंग उचलतो, चर बहुतेक वेळा राहते. रात्री खोलीतले दिवे घालवा, पान सपाट ठेवा आणि टॉर्च कागदाच्या जवळजवळ समांतर, अगदी कडेने धरा. उजेड तिरपा पडला की खाचांच्या सावल्या उठतात आणि खुणा परत वाचता येतात. मोबाइल न हलवता फोटो घ्या, टॉर्च चारही बाजूंनी फिरवून चार-चार फोटो. एका बाजूने न दिसलेली रेघ दुसऱ्या बाजूने दिसते. खोडरबराचा चुरा मऊ, कोरड्या ब्रशने झटका, हाताने चोळू नका. आणि दिसलेल्या खुणा त्याच पानावर पुन्हा गिरवू नका. वेगळ्या कागदावर बारचा क्रमांक आणि खूण लिहा, तो कागद पार्टमध्ये ठेवा. शिवाय तुम्ही दोनच पार्ट पुसलेत, उरलेले सहा तिथेच आहेत. ते आठही सारखे असायला हवेत.

आता संग्रहाकडे. खोकी हलवायच्या आधी कपाटांचे फोटो काढा, कप्प्याकप्प्याने, जसे आहेत तसे. बाबांनी एखादा स्कोअर दुसऱ्याशेजारी ठेवला तर त्याला काही कारण असेल. ती मांडणी एकदा मोडली की परत जुळत नाही. अकारविल्हे लावायचा मोह होईल. आवरा तो. यादीत क्रम लावा, कपाटात नाही.

यादी करताना संगीतकार, रचना, ओपस क्रमांक (संगीतकाराच्या रचनांना दिलेला अनुक्रमांक), प्रकाशक, स्कोअर आहे की पार्ट, आणि पार्ट असतील तर कुठल्या वाद्याचे किती, एवढं लिहा. प्रत्येक पानाच्या तळाशी मधोमध एक छोटा आकडा किंवा अक्षरं-आकडे छापलेले दिसतील. तो प्लेट क्रमांक. तोही उतरवून घ्या, कारण मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी त्यावरून जाणकार माणूस आवृत्ती ओळखतो. मुखपृष्ठावरचे आणि आतले शिक्केसुद्धा लिहा. स्वरलिपी वाचता येत नसली तरी यातलं काही अडत नाही. मला भेटलेल्या उत्तम याद्यांपैकी काही, स्वर न ओळखणाऱ्या माणसांनी केलेल्या आहेत. ती माणसं घाई करत नाहीत.

पानांत काही ना काही सापडेल. कार्यक्रमपत्रिका, बसण्याचा आराखडा, एखाद्या वादकाची चिठ्ठी. ते 'सुटे कागद' म्हणून वेगळ्या पाकिटात जमा करू नका. कुठल्या स्कोअरच्या कुठल्या पानावर होतं ते लिहून त्याच्यासोबतच ठेवा. फुंकवाद्यांच्या पार्टांची शेवटची पानं तर आवर्जून बघा. वादक तिथे तारखा लिहितात, रचना किती मिनिटांत संपली ते लिहितात, कधी सही करतात. ब्राम्सच्या या सिम्फनीत ट्रॉम्बोनला पहिल्या तीन मूव्हमेंट्समध्ये, म्हणजे भागांमध्ये, एकही स्वर नाही. ती तीन माणसं अर्ध्या तासाहून जास्त वेळ गप्प बसून असतात आणि मग शेवटच्या मूव्हमेंटमध्ये वाजवतात. त्यांच्या पार्टांत मोकळी जागाही असते आणि सरावात मोकळा वेळही. तुमच्या बाबांनी ही सिम्फनी कधी कधी केली याची नोंद कुठे मिळेल तर मी आधी ट्रॉम्बोनचे पार्ट काढेन.

एक गोष्ट मात्र लगेच वेगळी करा. काही पार्टांवर प्रकाशकाचा शिक्का, सेटचा क्रमांक आणि भाड्याने दिल्याचा उल्लेख असेल. विसाव्या शतकातल्या पुष्कळ रचनांचे पार्ट विकत मिळतच नाहीत, प्रकाशक ते भाड्याने देतात आणि कार्यक्रमानंतर परत घेतात. असा एखादा सेट परत करायचा राहून गेला असेल तर तो तुमचा नाही. प्रकाशकाला कळवा आणि परत करा. त्यावरच्या बाबांच्या खुणांचे फोटो आधी काढून ठेवा. वाद्यवृंदाच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या प्रतींचंही तसंच, त्या वाद्यवृंदाला विचारल्याशिवाय कुणालाही देऊ नका.

तुमच्या दादांना माझा निरोप द्या. स्कॅन करायची कल्पना चांगली आहे, कागद काढून टाकायची नाही. मोबाइलमधली कागदपत्रं स्कॅन करायची सोय कागद पांढराशुभ्र आणि अक्षर काळं करून देते. त्यात छापील स्वर सुंदर दिसतात आणि फिकट पेन्सिल नाहीशी होते. म्हणजे जे नेटवर आधीच आहे त्याचाच आणखी एक स्कॅन तुम्ही बनवाल आणि जे वाचवायचं ते जाईल. स्कॅन रंगीतच हवा, निदान 300 डीपीआय, पेन्सिल फिकट असेल तर 600. मूळ फाइल टिफमध्ये, रोजच्या वापराला पीडीएफ. मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कोरी वाटणारी पानं, सगळं. आणि हे नेटवर टाकायच्या आधी थांबा. संगीतकाराच्या मृत्यूनंतर बहुतेक देशांत 50 ते 70 वर्षं हक्क राखीव असतात. ब्राम्स 1897 मध्ये गेले, तिथे प्रश्न नाही, पण शोस्टाकोविच 1975 मध्ये गेले. जपण्यासाठी घरात प्रत ठेवणं आणि जगापुढे मांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दादांची जागेची अडचण मात्र खरी आहे, ती उडवून लावू नका. कागद थोडी जागा मागतो आणि थोडी काळजी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे शंभरेक वर्षं बराचसा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त आहे. तो स्वतःच तपकिरी होतो, कोपऱ्यात दुमडला की तुटतो. त्याला उष्णता, दमट हवा आणि ऊन सोसत नाही. माळा आणि तळघर या दोन्ही जागा म्हणूनच वाईट. माणसाला ज्या खोलीत बरं वाटतं त्या खोलीत कागदालाही बरं वाटतं. अठरा-वीस अंश आणि मध्यम कोरडी हवा मिळाली तर उत्तम. आम्लमुक्त खोकी मिळतात, ती घ्या. मोठे स्कोअर आडवे ठेवा. रबरबँड, पिना, गंजलेल्या क्लिपा सावकाश काढा. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि तिचा गोंद कागदात मुरून डाग ठेवतो. बाबांनीच पूर्वी लावलेली असेल तर ओढून काढू नका, ते तज्ज्ञाचं काम आहे. लॅमिनेशनचं नावही नको. खोक्यावर लिहायचं ते पेन्सिलीने. बुरशी दिसली तर ते खोकं दुसऱ्या खोलीत न्या, तोंडाला मास्क लावा आणि झटकायला जाऊ नका.

बाबांच्या हाताने लिहिलेली संगीतरचना किंवा वाद्यमेळासाठी केलेली मांडणी सापडली तर ती वेगळी काढा. गेल्या शतकात पारदर्शक पातळ कागदावर शाईने लिहून त्याच्या अमोनियाच्या वासाच्या प्रती काढायची पद्धत होती, त्यांना ओझालिड म्हणत. त्या प्रती उजेडात फिकट होत जातात. त्यांना सगळ्यात आधी अंधार द्या, मग स्कॅन. व्हायोलिन कॉन्चेर्टोंच्या, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांच्या, पार्टांतही बघा. कादेन्झा, म्हणजे त्यातला एकट्याने वाजवायचा भाग, पुष्कळदा छापील नसते, वादक ती लिहून घेतो आणि पार्टला चिकटवतो. बेटोव्हनच्या कॉन्चेर्टोला किती जणांनी कादेन्झा लिहिल्या आहेत, योआखिम, क्रायस्लर अशा व्हायोलिनवादकांनी. तुमच्या बाबांनी स्वतःची लिहिली असेल किंवा दुसऱ्याची चार ठिकाणी बदलली असेल. यातलं जे त्यांनी स्वतः रचलं असेल त्याचे हक्क वारस म्हणून तुमच्याकडे येतात. कागद दिला म्हणजे हक्क दिला असं होत नाही, हे देताना लक्षात असू द्या.

विद्यार्थ्याला नाही म्हणू नका, पण काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. वाद्यवृंदाच्या सेटमधले पहिल्या व्हायोलिनचे पार्ट अजिबात देऊ नका. त्यांच्याशिवाय सेट वाजवताही येत नाही आणि अभ्यासताही येत नाही. क्रॉइट्झरच्या अभ्यासांसारखी पुस्तकं, कोऱ्या जादा प्रती, पियानोसह छापलेले सोनाटे द्या. सोनाटे देताना मात्र पियानोचा आणि व्हायोलिनचा पार्ट जोडीनेच जाऊ दे. बाबांचं फिंगरिंग, म्हणजे बोटांचे आकडे, असलेली पानं त्याला हवी असतील तर त्याला घरी बोलवा आणि स्वतःच्या प्रतीवर उतरवून घ्यायला सांगा. शिष्य गुरूचं फिंगरिंग हाताने उतरवतो तेव्हा त्यातली अर्धी विद्या त्याच्या बोटांत उतरलेली असते. आणि त्या बदल्यात त्याच्याकडून एक मदत मागा. यादीत जिथे तुम्ही अडाल तिथे तो तुमच्या शेजारी बसेल.

ते निवडक घेणारे गृहस्थ वाईट असतील असं मी म्हणत नाही. पण ज्याला विकत घ्यायचं आहे त्याच्याकडूनच किंमत ठरवून घेऊ नये. साध्या छापील स्कोअरला बाजारात फारसं काही मिळत नाही. एखादी पहिली आवृत्ती, एखाद्या मोठ्या कलाकाराचं पत्र किंवा सही असली तर गोष्ट वेगळी, आणि ते नेमकं तेच उचलणार. उरलेला ढीग मग कुणालाच नको असतो. पूर्ण यादी होईपर्यंत एकही कागद घराबाहेर जाऊ देऊ नका.

द्यायचं कुणाला? बाबा ज्या वाद्यवृंदात होते त्याच्या ग्रंथपालापासून सुरुवात करा, मग संगीत शिकवणाऱ्या संस्था आणि विद्यापीठांची संगीत ग्रंथालयं. एडविन फ्लायशर यांनी 1909 पासून तरुण वादकांसाठी जमवायला घेतलेले सेट 1929 मध्ये फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिले. आज जगभरचे वाद्यवृंद तिथून पार्ट नेऊन वाजवतात. म्हणजे दिलेलं वाजतही राहू शकतं, नुसतं बंद कपाटात जायला हवं असं नाही. ज्यांच्याशी बोलाल त्यांना थेट विचारा. संग्रह एकत्र ठेवणार का? स्कोअर आणि त्याचे पार्ट वेगळे तर करणार नाही ना? नको असलेल्या प्रतींचं काय करणार, आणि त्या आधी आम्हाला परत विचारणार का? यादी कुणालाही पाहता येईल ना? उत्तरं देणगीपत्रात लिहून घ्या. आणि 'खुणा पुसून स्वच्छ करून घेऊ' असं कुणी म्हणालं तर आभार मानून उठा.

तुम्ही विचारलंत, हे नुसतं मन गुंतवून ठेवणं आहे का. मन गुंतलेलं आहे आणि ते असायलाच हवं. पण तेवढंच नाही. उद्या एखादा तरुण कंडक्टर ब्राम्सची चौथी करायला घेईल आणि पहिल्याच जोडीपाशी अडेल. तेव्हा कुणा व्हायोलिनवाल्याने आयुष्यभर वाजवून आणि वाजवून घेऊन जे ठरवलं, ते समोर असणं त्याच्या फार उपयोगाचं आहे.

यातलं काहीही सुरू करायच्या आधी आईंकडे जा. देणगी, जागा, यादी, यातला एकही शब्द काढू नका. ब्राम्सचा स्कोअर आणि पहिल्या व्हायोलिनचे आठही पार्ट घेऊन जा. तुम्ही पुसलेले दोन लपवू नका, वरच ठेवा. मोबाइलवर आवाज नोंदवायची परवानगी मागा आणि विचारा की बाबांनी लाल कशासाठी वापरलं, निळं कशासाठी, की सगळं साध्याच पेन्सिलीने होतं. कुठलं अक्षर कुणाचं आहे. कुठला स्लर त्यांनी तीनदा बदलायला लावला. टॉर्च जवळ असू द्या. तिरप्या उजेडात जे तुम्हाला नीट वाचता येणार नाही ते आईंना बहुधा न बघताच सांगता येईल, कारण ते त्यांनी आठ वेळा लिहिलेलं आहे.